स्वस्त, जुनं आणि दुखरं इंजेक्शन

जागतिक हृदयदिन आला की पेपरांत लहान मुलांच्या हृदयातली छिद्रं आणि मोफत शस्त्रक्रियांचे आकडे येतात. सोबत डॉक्टर, पालक आणि पालकमंत्री यांचा फोटो. त्यात वाईट काही नाही. पण जन्मजात नसलेला आणि बराचसा टाळता येणारा एक बालहृदयरोग त्या फोटोत कधी दिसत नाही, तो म्हणजे ऱ्हुमॅटिक हृदयरोग. 'घसा धरलाय, होईल बरा' म्हणून सोडून दिलेल्या दुखण्यातून तो सुरू होतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढताना काही मुलांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांध्यांची सूज उतरते, झडपेवरचा व्रण मात्र राहू शकतो. जगभरात दरवर्षी तीन लाखांहून जास्त माणसं यानं दगावतात, बहुतेक गरीब देशांतली. संशोधनाचा पैसा इकडे का वळत नाही, ते वेगळं सांगायला नको.

उपाय मात्र जुनाच आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या लष्करी तळावर घसा दुखणाऱ्या सैनिकांना पेनिसिलिन दिलं तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो, हे 1950 मध्येच छापून आलं होतं. ज्या मुलांच्या झडपेत बिघाड नुकताच सुरू झालाय आणि त्रास काहीच नाही, त्यांना पेनिसिलिन देऊन उपयोग होतो का, हे ठरायला मात्र त्यानंतर सत्तर वर्षं गेली. तो प्रयोग अमेरिकी बालहृदयरोगतज्ज्ञ अँड्रिया बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडात केला. त्यांनी एकोकार्डिओग्राफीनं एक लाखाहून अधिक मुलं तपासली आणि सुप्त बिघाड असलेली 818 मुलं निवडली. निम्म्यांना दोन वर्षं दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, उरलेल्यांना दिलं नाही. इंजेक्शनवाल्या गटात 3 मुलांचा आजार वाढला, दुसऱ्या गटात 33 जणांचा. हिशेब असा की एका मुलाचा आजार रोखायला साधारण तेराजणांना टोचावं लागतं. बाकीच्या बाराजणांना ही सुई फुकटच बसते, असं एखादा बाप म्हणाला तर त्याला चूक कसं म्हणणार? मी तरी म्हणणार नाही. पण तो एक मुलगा कोणता, हे आज कुणालाच आधी ओळखता येत नाही.

आणि ती सुई साधी नाही. बेंझाथिन पेनिसिलिनची कुपी म्हणजे पांढरी पूड. तिच्यात पाणी घालून ती खळखळून हलवली की दुधासारखं दाट मिश्रण होतं. बारीक सुईत ते अडकतं, म्हणून सुई जाड घ्यावी लागते. थोडं मोठं मूल असेल तर 12 लाख युनिट, कमरेखाली खोल स्नायूत, हळूहळू सोडायचे. नंतर मूल लंगडत घरी जातं आणि पुढच्या खेपेला दवाखान्याच्या दारातच रडायला लागतं. डॉक्टरांनाही 'पेनिसिलिन रिअ‍ॅक्शन'ची धास्ती असते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2022 मध्ये सांगितलं, की इंजेक्शननंतर झालेल्या काही मृत्यूंमागे अ‍ॅलर्जी नव्हे, तर आधीच पार थकलेलं हृदय असण्याची शक्यता जास्त. म्हणून झडपा फार खराब झालेल्यांना गोळ्या द्याव्यात.

आपल्याकडचा पेच त्याआधीचा आहे. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहेही. पण वर्गाबाहेरच्या गलक्यात पथकातल्या डॉक्टरांची भिस्त मुख्यतः स्टेथोस्कोपवर. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत (2007) नुसत्या तपासणीत 13 मुलं सापडली, एकोमध्ये 145! सुरुवातीचा आजार कानाला ऐकूच येत नाही. म्हणजे हातात धरता येणारी एको मशीन आणा, असं म्हणणं सोपं. पण शोधलेल्या मुलाला पुढची काही वर्षं दर महिन्याला गाठून टोचणार कोण, हे ठरलेलं नसेल तर त्या मशिनीनं घरच्यांच्या जिवाला नुसता घोर लागेल. युगांडात रुग्णांच्या मागे लागणारी माणसं नेमली होती, मुलांचे गट केले होते. शोधनिबंधातून गाजले ते 3 आणि 33 हे आकडे. माझ्या मते खरं औषध ती माणसंच होती.

मग स्ट्रेप्टोकोकसवर लस का नाही? साठच्या दशकात अमेरिकेतल्या एका छोट्या लसप्रयोगात काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप आला. तो लसीमुळेच आला का, यावर वाद राहिला, पण 1979 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं अशा लसींवर बंदीच घातली. ती उठायला पाव शतकाहून जास्त काळ लागला.

बीटन यांच्या गटानं आता युगांडातच इंजेक्शन विरुद्ध गोळी असा सामना लावला आहे. गोळी दिवसातून दोनदा, रोज घ्यायची. दुखत नाही, हे खरं. पण पाच दिवसांचं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी ताप उतरताच बंद करणारी घरं आपणही पाहिली आहेत. तिथं काही न दुखणाऱ्या मुलाला ती वर्षभर कोण देणार?