कोरलेली नावे आणि कोरलेल्या संख्या

युद्धात पडलेल्या सामान्य शिपायाचे नाव दगडावर कोरावे, ही कल्पना वाटते तितकी पुरातन नाही. विजयस्तंभ, कमानी आणि अश्वारूढ सेनापती यांची परंपरा रोमइतकी जुनी असली, तरी ज्यांच्या बळावर तो विजय मिळाला त्यांची प्रेते बहुधा एकाच खंदकात लोटली जात, आणि त्यांची मोजदाद झालीच तर ती हजेरीपटावरून नावे कमी करण्यापुरती होई. अमेरिकेतील यादवी युद्धाने हा शिरस्ता काहीसा मोडला. १८६४ साली बंडखोर पक्षाचा सेनापती रॉबर्ट ली याच्या कुटुंबाच्या जमिनीवर आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमी उघडण्यात आली. तथापि मृत सैनिकाचा देह कोणाचा आणि त्याचे नाव कोठे असावे, या दोन प्रश्नांची उत्तरे युरोपातील राष्ट्रांनी धोरण म्हणून दिली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात; आणि ती इतकी भिन्न निघाली की त्यांवरून त्या त्या राष्ट्राने आपल्या शिपायाला काय मानले होते याचा अदमास बांधता येतो.

ब्रिटिशांचे उत्तर कठोर होते. १९१७ साली राजाच्या सनदेने जे साम्राज्य युद्धसमाधी मंडळ स्थापन झाले, त्याचा प्रवर्तक फेबियन वेअर हा रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकांबरोबर फ्रान्सला गेलेला आणि तेथे बेवारस राहू पाहणाऱ्या थडग्यांची टिपणे ठेवू लागलेला गृहस्थ होता. जो जेथे पडला त्याने तेथेच विसावावे, प्रेत मायदेशी आणू नये, आणि सरदारपुत्र असो की कोळशाच्या खाणीतला मजूर, सर्वांच्या माथ्याशी एकाच मापाची शिळा असावी, असा मंडळाचा दंडक होता. धनवंतांनाही आपल्या मुलाचे प्रेत आणता येईना, म्हणून मोठा गिल्ला झाला. १९२० साली पार्लमेंटात त्यावर कडाक्याची चर्चाही झाली. पण नियम टिकला. मंडळासाठी कोरीव वचने सुचविणारा रडयार्ड किपलिंग स्वतः त्या शोकग्रस्तांपैकीच होता, कारण त्याचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. ज्यांचे देहच मिळाले नाहीत त्यांच्यासाठी भिंती उभारल्या गेल्या: थिएपव्हाल येथे ७२,०००हून अधिक नावे, ईप्रच्या मेनिन दरवाजावर ५४,०००हून अधिक. या दरवाजाखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजविला जातो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलात तेवढा त्यात खंड पडला.

फ्रान्सने उलट मार्ग धरला. १९२०च्या कायद्याने मृताचा देह सरकारी खर्चाने गावी नेण्याचा हक्क कुटुंबाला मिळाला, आणि सुमारे २,४०,००० शवपेट्या आगगाडीने परतल्या. गावोगावच्या चौकांत स्मारके उभी राहिली. त्यांवरील एकाच आडनावाच्या तीन-तीन, चार-चार ओळी वाचल्या म्हणजे लष्करभरती कशाला म्हणतात ते समजते. अनाम वीराची निवडही फ्रान्सने मोठ्या सूचकतेने केली. व्हर्दंच्या तटाखाली मांडलेल्या आठ शवपेट्यांतून एक निवडण्याचे काम ऑग्यूस्त तँ या तरुण शिपायाला सांगण्यात आले. त्याने आपल्या १३२व्या पलटणीच्या आकड्यांची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर फुले ठेवली. देवाच्या चिठ्ठीचा हा युरोपीय अवतारच म्हणावयाचा. ११ नोव्हेंबर १९२० रोजी ती पेटी पॅरिसच्या विजयकमानीखाली आणि तशीच एक लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत राजेरजवाड्यांच्या सान्निध्यात नेण्यात आली.

पराभूतांचा प्रश्न याहून बिकट. ज्या युद्धाचे समर्थन करता येत नाही त्यात मेलेल्या मुलाचे काय करावे? माझ्या मते याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर कोणत्याही सरकारने नव्हे, तर केटे कोलवित्स या शिल्पकर्त्रीने दिले. तिचा मुलगा ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जममध्ये पडला; वर्षानुवर्षे खपून तिने १९३२ साली गुडघे टेकलेल्या आई-बापाचे युगुलशिल्प पुरे केले, आणि त्यात ना ध्वज आहे ना तलवार. तिचेच एक लहान शिल्प १९९३ मध्ये मोठे करवून बर्लिनच्या 'नॉये वाखे' या स्मारकात बसविण्यात आले, तेव्हा मात्र मारणारे आणि मारले गेलेले यांना एकाच छताखाली आणल्याची टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. जपानात टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात अस्थी नाहीत; १८६९ पासून केवळ नामोल्लेखाने सुमारे २४,६०,००० आत्मे तेथे प्रतिष्ठित झाले आहेत. १९७८ साली त्यांत चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावे गुपचूप मिसळली गेली. १९७५ नंतर एकाही सम्राटाने त्या देवळाची पायरी चढलेली नाही. ओकिनावाने १९९५ साली जी शिळा-रांग उभारली तीवर बेटावरचे नागरिक, जपानी शिपाई आणि त्यांच्याशी लढलेले अमेरिकन यांची नावे एकत्र आहेत.

आता आपल्याकडे येऊ. १८१८च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने भीमेकाठी जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या देशी शिपायांची नावे कोरलेली आहेत. 'नाक' या प्रत्ययाने संपणारी महार शिपायांची नावेही त्यांत आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभाला वंदन करण्यास गेले ते यासाठीच. म्हणजे शिपायाची नावे कोरण्याची रीत साम्राज्यास ठाऊक नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर हिंदी सैनिकांची ४,७००हून अधिक नावे आहेत. परंतु मेसोपोटेमियात, जेथे कूतच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार आणि कैद सोसली, त्या मोहिमेच्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अंमलदारांची नावे कोरून सामान्य हिंदी शिपायांची, पलटणीच्या नावाखाली, फक्त संख्या देण्यात आली. समानतेचा तो दंडक सुवेझच्या पूर्वेस पोचेपर्यंत इतका झिजला होता! मंडळाने नेमलेल्या समितीने २०२१ साली हा भेदभाव उघड केला आणि मंडळाने क्षमाही मागितली. निदान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी व इजिप्शियनांची, नावनिशी कोठेही नोंदली गेली नसावी, असा समितीचा अंदाज आहे. खुद्द बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने उखडून नासिरियाच्या वाटेवरील वाळवंटात हलविण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सरकारने संगमरवरी फलक बसविले. गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा-रत्नागिरीकडे असे फलक चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत अजून दिसतात. नावे मात्र अजिबात हरवली आहेत असे नव्हे: बसऱ्याच्या दगडावर जे शिपाई निव्वळ आकडा होऊन राहिले, त्यांतील पुष्कळांची नोंद मंडळाच्या दप्तरात बापाच्या नावासह, गाव-जिल्ह्यासह केलेली आहे. गावच्या फलकाखाली दुसरा फलक बसवावयाचा तर मजकूर तेथून मिळू शकेल. अडचण एवढीच की, पलटणीच्या कारकुनाने इंग्रजीत कशीबशी लिहिलेली गावांची नावे ओळखावयास त्याच तालुक्याचा माणूस लागतो.