पायाखालच्या डबीचा धंदा

गिटारचा आवाज बदलणारी ‘पेडल’ नावाची छोटी यंत्रे घरच्या टेबलावर बनू शकतात. अमेरिकेत अशाच टेबलांवरून नामांकित कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही बुडाल्याही. हा उद्योग करू पाहणाऱ्याने पहिला माल कोणता काढावा?

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे डोळे गायकावर खिळलेले असतात. गिटारवादकाच्या पायाकडे कोण बघणार? पण नीट पाहिले तर लक्षात येईल की गाणे रंगात आले की तो हळूच पाय पुढे करतो, जमिनीवरच्या एका डबीचे बटण दाबतो आणि इतका वेळ गोड किणकिणणारी गिटार एकदम गुरगुरू लागते. पुन्हा बटण दाबले की ती शहाण्या मुलीसारखी गप्प! साबणाच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या असलेल्या या धातूच्या डबीला ‘इफेक्ट्स पेडल’ म्हणतात. गिटारची वायर आधी या डबीत शिरते आणि तेथून अँप्लिफायरकडे जाते. मधल्या मध्ये आवाज फाडायचा, घुमवायचा, लांबवायचा की त्याचा प्रतिध्वनी काढायचा, ते ही डबी ठरवते.

गंमत अशी की या उद्योगाचा जन्म एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन या वादकाचा आवाज यंत्रातील दोषामुळे चिरफाळून निघाला. ते मुद्रण फेकून न देता तसेच ठेवले आणि १९६१ साली गाणे गाजले. मग तोच बिघाड मुद्दाम करता येईल का, या विचाराने ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी खटपट केली आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने ती युक्ती बाजारात आणली. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर माल पडून राहिला. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात तो आवाज ऐकू आला, तेव्हा कुठे दुकाने रिकामी झाली.

एक ट्रान्झिस्टर, एक नॉब

पेडलच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने माइक मॅथ्यूज यांची हकिगत वाचावी. या गृहस्थांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये अवघ्या १,००० डॉलर्सच्या भांडवलावर ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ सुरू केली. त्यांना गिटारचा सूर लांबवणारे यंत्र हवे होते. ते काम त्यांनी बॉब मायर या अभियंत्याकडे सोपवले. मायर यांचे यंत्र तयार झाले, पण गिटारचा आवाज त्याला कमी पडत होता, म्हणून त्यांनी पुढे एक छोटीशी डबी जोडली होती. मॅथ्यूज यांनी ही डबी कशाला, असे विचारले आणि तिचे बटण दाबून पाहिले. आवाज एकदम दणदणीत झाला! मूळ यंत्र बाजूला राहिले आणि ही एका ट्रान्झिस्टरची, एका नॉबची डबी ‘एलपीबी-१’ नावाने कंपनीचे पहिले उत्पादन ठरली. पुढे १९६९ मध्ये आलेले त्यांचे ‘बिग मफ’ आजही विकले जाते.

नवख्या कारागिराने पहिला माल म्हणून अशी ‘बूस्टर’ डबीच निवडावी हे उत्तम. तिच्यात सुटे भाग मोजके असतात, चूक झाली तर ती शोधायला सोपी जाते आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर काम चालत असल्यामुळे विजेचा झटका बसण्याची भीती नसते. घरात लहान मुले असतील तर मात्र डाख देण्याची जागा वेगळी असावी. शिशाची तार हाताळल्यावर हात धुवावेत, धूर बाहेर जाईल अशी खिडकी असावी आणि स्वयंपाकघराचा ओटा या कामाला कधीही वापरू नये. मंडळाचे तांबे घरीच रसायनात बुडवून खोदण्याची जुनी पद्धतही आता सोडून दिलेली बरी. त्या द्रावणाचे डाग फरशीवरून जात नाहीत आणि छापील मंडळे हल्ली पाच-दहा नगांतही मागवता येतात.

बूस्टरच्या पुढची पायरी ‘ओव्हरड्राइव्ह’ची. ध्वनिलहरींचे वरचे टोक छाटले की आवाज खरखरीत होतो, आणि हे छाटण्याचे काम चिमुकले डायोड करतात. पण येथे सावध राहायला हवे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ची इतकी भावंडे बाजारात आहेत की आणखी एक जन्माला घातले तर त्याचे बारसे करायलाही कोणी येणार नाही. शिवाय जोयो, मूअर यांसारख्या चिनी कंपन्या असा माल अशा किमतीत देतात की आपल्याकडच्या कारागिराचे सुटे भागही त्यात येऊ नयेत.

दुरुस्तीच्या टेबलावरून

आज नावाजलेल्या कित्येक छोट्या कंपन्या दुरुस्तीतून सुरू झाल्या. ओहायोतील अ‍ॅक्रन या गावी जेमी स्टिलमन यांनी बंद पडलेले एक जुने ओव्हरड्राइव्ह पेडल उघडून दुरुस्त केले, त्यातून नाद लागला आणि ‘अर्थक्वेकर डिव्हायसेस’ जन्माला आली. घराच्या तळघरातला हा खटाटोप कंपनी म्हणून उभा राहिला त्यात त्यांच्या पत्नी ज्युली रॉबिन्स यांचा वाटा मोठा. व्यवस्थापनाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि नवरा नव्या यंत्रांच्या मागे लागायला मोकळा झाला. ‘जेएचएस’चे जॉश स्कॉट यांचीही सुरुवात २००७ मध्ये स्वतःचे बिघडलेले पेडल दुरुस्त करण्यातूनच झाली.

दुरुस्तीचा फायदा असा की त्यात भांडवल फारसे अडकत नाही आणि काय बिघडते ते कळते. बहुतेक वेळा बिघडतो तो पायाने दाबायचा स्विच, नाहीतर वायर खुपसण्याची जागा. इलेक्ट्रॉनिक भाग सहसा टिकतात. म्हणजेच स्वतःचा माल काढताना पैसे वाचवायचे तर ते स्विचवर वाचवू नयेत.

हिशेब आधी, डाख नंतर

या धंद्यात उडी घेणारे बहुतेक तरुण स्वतः वादक असतात आणि हिशेबाच्या वहीशी त्यांचे फारसे सख्य नसते. तेव्हा एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एका डबीला १,८०० रुपयांचे सुटे भाग लागले. त्यातला मोठा भाग ट्रान्झिस्टर-रेझिस्टरांचा नसून धातूची डबी, स्विच, जॅक आणि नॉब यांचा असतो. खोका आणि छपाई २०० रुपये. तीन तासांची मजुरी तासाला २०० प्रमाणे ६०० रुपये. एकूण झाले २,६००. किंमत ठेवली ४,००० रुपये आणि मित्रांना पाच-सहा नग विकले. दर नगामागे १,४०० रुपये सुटले, म्हणून गडी खूष!

आता माल दुकानात ठेवायचा ठरवले आणि दुकानदाराने ३५ टक्के कमिशन मागितले, तर कारागिराच्या हाती बरोबर २,६०० रुपये येतात. नफा शून्य. परत आलेल्या नगाची दुरुस्ती, कुरिअरचा खर्च, दुकानदाराकडची उधारी आणि कर यांचा तर यात विचारच केलेला नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून किंमत दुकानदाराचे कमिशन धरूनच ठरवावी. मित्रांना ४,००० ला दिलेली डबी पुढे ६,००० ची करायची म्हटली की ग्राहक तोंड फिरवतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बोस्टनच्या बिल फिनेगन यांचे. १९९४ पासून त्यांनी ‘क्लॉन सेंटॉर’ हे पेडल जवळजवळ एकहाती बनवले. कोणी नक्कल करू नये म्हणून आतल्या मंडळावर ते राळेसारखा घट्ट लेप ओतत. सुमारे ८,००० नग झाले, मागणी वाढतच राहिली, पण दोन हातांनी बनवून बनवणार किती? त्यांनी ते बनवणे थांबवल्यावर जुने नग हजारो डॉलर्सना हातोहात विकले जाऊ लागले. तो पैसा अर्थातच जुने मालक आणि दलालांच्या खिशात गेला. आणि लेपाचे म्हणाल तर तो खरवडून लोकांनी आतला आराखडा शोधलाच. नकला आज शेकड्यांनी मिळतात. साधारणपणे विद्युत आराखड्याला पेटंट नसेल तर तो अडवून धरता येत नाही. नाव, चिन्ह आणि डबीवरचे चित्र यांना मात्र संरक्षण मिळू शकते. तेव्हा दुसऱ्याचे नाव-चिन्ह उचलण्याच्या भानगडीत पडू नये आणि स्वतःचे नाव लवकर नोंदवून घ्यावे.

मोठे झाल्यावर संकटे संपतात असेही नाही. मॅथ्यूज यांची कंपनी कामगारांशी झालेला तंटा आणि पैशाची ओढाताण यांत सापडून १९८० च्या दशकात दोनदा दिवाळखोरीत गेली. ते रशियाकडे वळले, तेथल्या व्हॅक्यूम ट्यूब आणून विकल्या आणि त्या बळावर पुन्हा पेडलच्या धंद्यात आले. रॉचेस्टरच्या ‘एमएक्सआर’चेही असेच झाले. कीथ बार आणि टेरी शेरवूड या शाळूसोबत्यांनी दुरुस्तीच्या दुकानातून ती उभी केली होती. १९८४ मध्ये ती बंद पडली आणि नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. कीथ बार यांनी पुढे एक चिप तयार केली. घुमारा आणि प्रतिध्वनी देणारी पेडल्स बनवणारे अनेक छोटे कारागीर आज तीच वापरतात. बार २०१० मध्ये निवर्तले.

आपल्याकडे काय चालेल?

मुंबईच्या ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ने भारतात बनलेले पेडलही परदेशी वादक घेतात हे दाखवून दिले आहे. सुटे भाग मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपत राय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे मिळतात. पायाने दाबायचे चांगले स्विच आणि तयार ओतीव डब्या मात्र बहुधा बाहेरून मागवाव्या लागतात. परदेशी माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड काढून घ्यावा.

पण परदेशाकडे डोळे लावण्याआधी आपल्या अंगणात पाहायला काय हरकत आहे? व्हायोलिन, मेंडोलिन, सतार यांना चिकटवायचे पिझो पिकअप आता सर्रास वापरतात. हे पिकअप साध्या मिक्सरला थेट जोडले की आवाज पातळ आणि टणत्कारी येतो, कारण त्यांना समोर फार मोठा विद्युतरोध लागतो; दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त. हा मेळ घालून देणारी ‘बफर’ची डबी बनवायला फार अवघड नाही. तिच्यावर आवाज कमी-जास्त करायचा एक नॉब, खर्ज-तार सांभाळणारे दोन नॉब आणि आवाज पूर्ण बंद करायचे एक बटण असले की पुरे. सतार जुळवताना श्रोत्यांना ती खुंट्यांची कुरकुर ऐकावी लागणार नाही, एवढ्यासाठीही कलावंत ती घेतील. गिटार घेतलेल्या मुलांच्या मागे लागण्यापेक्षा संगीत विद्यालये आणि भजनी मंडळे यांच्याकडे गेलेले अधिक फायद्याचे ठरू शकते. चिनी कारखान्यांचे तिकडे फारसे लक्ष नाही.

दुसरे गिऱ्हाईक आहे बेंजो पार्टीचे. मुंबई आणि कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत वाजणारा बेंजो म्हणजे पिकअप बसवलेले बुलबुल तरंग. त्याच्या आवाजावर गिटारसारखेच संस्कार करता येतात. मात्र येथे न्यूयॉर्कचा आराखडा जसाच्या तसा उपयोगी नाही. हे वाद्य टेंपोवर हादरे खात, पावसात, गुलालाच्या धुरळ्यात वाजते. म्हणून डबी पायाखाली न ठेवता वाद्यालाच पट्ट्याने बांधता यावी, नॉब ओल्या बोटांनी फिरतील एवढे मोठे असावेत, झाकणाला रबराची कडा असावी आणि बॅटरी रात्रभर पुरावी. कर्णे शिटी मारू लागले तर तो एकच सूर दाबणारा नॉब दिला तर वादक दुवा देतील.

असा पहिला नमुना दोन-तीन पार्ट्यांना फुकट वापरायला द्यावा, आणि तोही आषाढात, तालमी सुरू होण्याच्या सुमारास. गणपती तोंडावर आल्यावर कोणी नवे यंत्र हाती धरत नाही. प्रत्येक नगावर क्रमांक घालावा, कोणता नग कोणाकडे गेला ते वहीत लिहावे आणि अनंत चतुर्दशी झाली की आठवड्याच्या आत सगळे नग परत मागवून, उघडून पाहावेत. पाणी कुठून शिरले ते तेव्हाच कळेल.