पाणमोट वेळेआधी फुटली तर? 'सकाळी बघू' म्हणू नका

घरात कोणी गरोदर असेल तर आजचा भाग तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण हे प्रत्येक नवऱ्याला आणि भावाला माहीत पाहिजे.

बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला दोन पातळ पडदे असतात: आतला अ‍ॅम्निऑन, बाहेरचा कोरिऑन. ३७ आठवड्यांआधी आणि कळा यायच्या आधीच ते फाटले, तर पाणी जायला लागतं. शंभरातल्या साधारण दोन-तीन गरोदरपणांत असं होतं.

पाणी दरवेळी धो-धो जात नाही. कधी नुसतं थेंबथेंब गळतं आणि घरचे म्हणतात, "लघवी असेल, सकाळी बघू." इथंच चूक होते. स्वच्छ पॅड लावा. तो परत परत ओला होतोय, उठल्यावर पाणी येतंय, तर लगेच दवाखाना. नुसती शंका असली तरी जा.

घाई कशाला? पडदा फाटला की जंतूंना आत जायला वाट मिळते. ताप, घाण वास, हिरवट पाणी, रक्त किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर एक मिनिटही थांबू नका. नाळ बाहेर आलेली दिसली तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर ठेवून झोपवा आणि १०८ लावा.

दवाखान्यात काय करतात? संसर्ग नसेल आणि ३४ आठवडे झाले नसतील, तर बहुतेक वेळा भरती करून लक्ष ठेवतात. संसर्ग टाळायला अँटिबायोटिक, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला स्टेरॉइडची इंजेक्शनं. आत मिळालेला एकेक दिवस बाळाच्या कामी येतो. संसर्ग दिसला तर मात्र थांबत नाहीत, बाळंतपण करतात.

आता आपल्या बुलढाण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोरगी सातव्या महिन्यात पुण्याहून संग्रामपूर नाहीतर लोणारकडे येते आणि फाइल राहते पुण्यात! सगळे रिपोर्ट मोबाइलमध्ये घ्या. कमी दिवसांचं बाळ सांभाळायची सोय जवळ कुठं आहे, हे आधीच विचारून ठेवा. खामगावहून अकोला साधारण ५० किलोमीटर. रात्री दोन वाजता शोधाशोध नको. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथंच विचारा. गरोदर बाईला न्यायला १०२ ची गाडीही मोफत आहे.

दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि हा भाग ताईला नाही, भाऊजींना पाठवा!