माल बांधायचा पट्टा : वापर आणि जपणूक



गळीत हंगाम संपला, की आपल्यापैकी काही जणांच्या गाड्या घाट उतरून पेण-रोह्याकडे भाड्याला जातात. डोलवीचे पोलाद, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली पिंपे आणि पोती, असा तिकडचा माल. उसाची गाडी भरण्यात आपली माणसे तरबेज आहेत. पण बिनफाळक्याच्या सपाट गाडीवर लोखंड बांधणे हे काम निराळे. ऊस एकमेकांत गुंततो, लोखंड घसरते.

मागच्या पावसाळ्यात वडखळजवळ आमच्यापैकी एकाच्या गाडीवर रॅचेटचा पट्टा आवळताना तुटला आणि दांडा क्लीनरच्या जबड्यावर बसला. दोन दात गेले, डोळा वाचला. तो पट्टा आम्ही हातात घेऊन पाहिला. कडेला जुनी चीर होती आणि तिथेच गाठ मारलेली होती. चीर आधीच्या खेपेतच दिसली होती. "एक खेप चालतंय की मालक," म्हणून पट्टा तसाच पेटीत गेला. म्हणजे पट्टा तुटला रस्त्यावर, पण त्याचे मरण ठरले दोन खेपांच्या मधे. आम्हांला सांगायचे ते एवढेच.

पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी आधी वाचावी. तिच्यावर 'एल.सी.' पुढे २,५०० डेका-न्यूटन असेल, तर पट्टा सरळ ओढीत सुमारे अडीच टनांचा भार धरतो. पण त्याने माल अडीच टनांनी दाबला जातो, असा अर्थ नव्हे. साध्या रॅचेटने हाताने आवळल्यावर ताण येतो तो तीनएकशे किलोंचाच. तो आकडा 'एस.टी.एफ.' पुढे असतो. त्यातही पट्टा पाटापासून ३० अंशांतच उठला असेल, तर खाली दाबणारा जोर निम्माच उरतो. उलट ब्रेक जोरात दाबला, की मालाच्या वजनाच्या आठ दशांशांपर्यंतचा जोर पुढे ढकलतो, असे धरून माल बांधायचा असतो. २० टनांच्या पोलादी गुंडाळीला म्हणजे १६ टन! म्हणून तिला बैठक, अटकाव आणि साखळ्या हव्यातच. नुसत्या पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये.

आवळताना रॅचेटच्या दांड्याला पाइप लावून जोर करू नये. रिळावर दोन-तीन वेढे बसले की पुरे. पट्ट्याला पीळ नको, गाठ तर नकोच. गाठीने ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. लोखंडाच्या धारेवर कोपरा-संरक्षक घालावा. काही किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा पाहावेत, कारण माल बसतो आणि पट्टा सैल पडतो. सुकेळी खिंड चढण्याआधी हे केलेले बरे. सोडताना आधी माल पट्ट्यावर रेलला आहे का ते बघावे, आणि दांड्याच्या रेषेत तोंड आणू नये.

गाडी कोलाडहून कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेने न्यायची असेल, तर आणखी एक खबरदारी. ही सेवा १९९९ साली सुरू झाली, तेव्हा वर वीज नव्हती. २०२२ साली सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आता डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. पट्टे आणि ताडपत्री गाडी वॅगनवर चढण्याआधीच नीट आवळून घ्यावी. नंतर मालावर पाऊलही ठेवू नये, पट्ट्याचे टोक वर भिरकावू नये.

आता जपणूक. पट्टा सोडला, की लगेच पूर्ण लांबी हातातून सरकवून दोन्ही कडा पाहाव्यात. चीर, जळका डाग, उसवलेली शिवण, वाकलेला हूक किंवा हरवलेली चिठ्ठी, यांपैकी काहीही दिसले तर तो पट्टा तिथेच कापून टाकावा. बाजूला ठेवला तर कोणीतरी तो पुन्हा वापरतोच.

पट्टा चिखलाने माखला असेल, तर गार पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा. सायलेन्सरवर वाळत घालू नये. खाडीच्या खाऱ्या हवेने रॅचेट आणि हूक गंजतात, ते पुसून ठेवावेत. महिनोन्महिने उन्हात पडलेला पट्टा वरून धड दिसतो, पण आतून कमजोर होतो.

धाटावचा माल असेल तर सांडलेल्या रसायनाकडे लक्ष हवे. कॉस्टिक सोडा पॉलिएस्टरला खातो, आम्ल नायलॉनला खाते. युरोपीय प्रमाणाप्रमाणे निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची. रसायन लागलेला पट्टा निव्वळ धुऊन पुन्हा वापरू नये. चांगले पट्टे गुंडाळून, कोरड्या पेटीत, बॅटरी आणि डिझेलपासून दूर ठेवावेत.

या सगळ्याला खेपेमागे दहा-पंधरा मिनिटे लागतात. आपल्या गाडीमागून एस.टी. येत असते, मोटरसायकलवर कोणाचा तरी पोरगा येत असतो. त्याला आपला पट्टा दिसत नाही. तो आपणच पाहायचा असतो.