कारखान्याचे कर्तव्य कुंपणाशी संपत नाही

वस्तू निर्माण करणे हे समाजाच्या उपयोगाचे कार्य आहे. शेतकरी धान्य पिकवितो. कारखानदार औषधे, रंग, खते व कापड तयार करतो. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. परंतु कारखान्यात माल तयार होत असताना आणखीही पुष्कळ काही निर्माण होत असते. धूर, सांडपाणी, गाळ आणि धोका ही त्याच कामाची फळे होत. मालाची किंमत गिऱ्हाईक देते. ह्या दुसऱ्या उत्पन्नाची किंमत कोणी द्यावयाची, हा उत्पादनातील नीतीचा मूळ प्रश्न होय. ती कामगाराने आपल्या देहाने, शेजाऱ्याने आपल्या आरोग्याने किंवा शेतकऱ्याने आपल्या जमिनीने चुकती करावी, हे न्यायाला धरून नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पुढे डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूर येथे वसाहती उभ्या राहिल्या. रोजगार वाढला आणि त्याबरोबर वस्तीही वाढली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. ज्या भट्ट्यांच्या व टाक्यांच्या सभोवती एके काळी भातखाचरे होती, तेथे आता घरे व शाळा आहेत.

दोन स्फोटांचा धडा

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस एंटरप्रायझेस ह्या रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्यात १२ जण मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले आणि आसपासच्या कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशी समितीच्या अहवालात, अत्यंत ज्वालाग्राही रसायनाच्या सान्निध्यात चाललेल्या वेल्डिंगच्या कामाकडे बोट दाखविण्यात आले. पुढे आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीतील अमुदान केमिकल्स ह्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर अतिधोकादायक कारखाने तेथून हलविण्याची घोषणा शासनाने केली.

वेल्डिंगची ठिणगी आणि ज्वालाग्राही वाफ ह्यांची गाठ पडू देऊ नये, हे ज्ञान नवे नाही. असे काम हाती घेण्यापूर्वी जागा रिकामी करावी, टाक्या व नळ धुऊन घ्यावेत, हवेतील वाफेचे प्रमाण उपकरणाने तपासावे आणि जबाबदार अधिकाऱ्याने लेखी परवाना दिल्यावाचून काम सुरू करू नये, अशी पद्धत जगभरच्या कारखान्यांत रूढ आहे. तिला अर्धा दिवस मोडतो, आणि त्या अर्ध्या दिवसात माल निघत नाही. म्हणूनच ती टाळण्याचा मोह होतो. खरी परीक्षा येथे असते. घाई मालकाची असते, ठिणगी कामगाराच्या हाती असते आणि स्फोट सर्व वस्तीचा होतो.

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जे घडले, त्यामागेही हेच सूत्र दिसते. विषारी वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारी व्यवस्था जोडलेली नव्हती. काटकसर कारखान्याची झाली आणि हजारो निरपराध माणसे प्राणांस मुकली. ह्या दुर्घटनेनंतर देशातील कायदा कडक झाला. दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली असे तत्त्व घालून दिले की, धोकादायक धंदा करणाऱ्याने त्यातून होणाऱ्या हानीची भरपाई केलीच पाहिजे. आपण काळजी घेतली होती, असे सांगून त्याला सुटता येणार नाही. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना देण्याचे बंधन कारखानदारावर आले. शेजाऱ्याला धोका माहीत असणे हा त्याचा हक्क आहे, हे अशा रीतीने मान्य झाले.

सांडपाणी आणि शेती

स्फोटाचा आवाज सर्वांना ऐकू येतो. सांडपाण्याची हानी मुकाट्याने होते, म्हणून तिच्याविषयी शेतकऱ्याने अधिक सावध असावयास पाहिजे.

ह्या हानीचे स्वरूप समजण्यासाठी भातगिरणीचे उदाहरण घ्यावे. १०० किलो भात भरडले तर साधारणतः ६५ ते ७० किलो तांदूळ मिळतो. बाकीचा तूस व कोंडा कोठे गेला, हे गिरणीवाला सांगू शकतो. रासायनिक कारखान्यालाही हाच हिशेब लागू आहे. जेवढा कच्चा माल आत आला, त्यातून तयार माल वजा जाता उरलेले सर्व काही धुरात, पाण्यात किंवा गाळात गेलेले असते. ज्या कारखान्याला हा हिशेब देता येत नाही, त्याचे उरलेले द्रव्य कोणाच्या तरी नाल्यात गेले असा संशय घेण्यास जागा राहते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे टँकरमधून आणलेले रासायनिक द्रव्य वालधुनी नदीत सोडण्यात आले आणि त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयांत न्यावे लागले. आपले घातक द्रव्य टँकरवाल्याच्या स्वाधीन केले म्हणजे आपण मोकळे झालो, असे कोणत्याही कारखान्याला म्हणता येणार नाही. ते शेवटी कोठे रिते झाले, हे पाहणे त्याच्या कर्तव्याचा भाग आहे.

उल्हास नदीची गोष्ट ह्याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. बारवी धरणाचे पाणी ह्या नदीत सोडून पुढे उचलले जाते व शहरांना पुरविले जाते. त्याच नदीच्या व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक नगरसंस्था ह्यांच्यावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसविली आणि हा विषय पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ह्यावरून दोष केवळ कारखान्यांचा नसून घरगुती मैलापाणी शुद्ध न करता सोडणाऱ्या नगरसंस्थांचाही आहे, हे दिसून येते.

प्रक्रिया केलेले पाणी नदीनाल्यात सोडावयाचे झाल्यास त्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान आणि जैविक प्राणवायूची मागणी दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी, असे सर्वसाधारण मानक आहे. ही मागणी वाढली म्हणजे पाण्यातील जीवाणू विरलेला प्राणवायू संपवून टाकतात आणि खाडीतील मासे गुदमरून मरतात. आम्ल पाण्याने भाताची मुळे जळतात. सोडियमयुक्त पाण्याने चिकणमातीचे कण सुटे होऊन जमीन घट्ट बनते व निचरा खुंटतो. शिसे, कॅडमियम व क्रोमियम ह्यांसारखे जड धातू जमिनीत साठतात आणि पालेभाज्यांतून माणसाच्या पोटात जातात. पीक हिरवेगार दिसले म्हणून ते निर्दोष आहे असे समजू नये.

गावातील लहान उद्योग

जी कसोटी मोठ्या कारखान्याला लावावयाची, तीच गावातील वीटभट्टीला, भातगिरणीला व कुक्कुटपालन केंद्रालाही लावली पाहिजे. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे आगाऊ रक्कम घेऊन हंगामभर राबतात. त्या उचलीच्या बोजाखाली मजुराचे स्वातंत्र्य जाऊ लागले, की ती वेठबिगारी होते. आणि वेठबिगारी १९७६ च्या अधिनियमाने नष्ट करण्यात आलेली आहे. मजुरीचा हिशेब मजुराला समजेल अशा रीतीने दर आठवड्यास द्यावा आणि त्याच्या मुलांना शाळेत जाऊ द्यावे. जो गावकरी कारखान्याकडून न्याय मागतो, त्याने आपल्या भट्टीवर तो प्रथम दिला पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी करावयाची कामे

(१) नाल्याच्या पाण्याचा रंग, वास व फेस ह्यांची नोंद तारीख व वेळ घालून वहीत ठेवावी. मासे मेल्यास किंवा पीक अचानक करपल्यास छायाचित्र घ्यावे.

(२) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील प्रादेशिक कार्यालयाकडे ताबडतोब लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. न्यायालयात ग्राह्य धरला जाणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच विहित पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून घटना ताजी असतानाच त्यांना बोलावणे अगत्याचे आहे.

(३) संशयित पाण्याने भाजीपाला भिजवू नये. माती व पाणी ह्यांची तपासणी करून घेतल्याशिवाय नव्या हंगामाची लागवड करू नये.

(४) कारखान्यांतून आलेली जुनी पिंपे पाणी किंवा धान्य साठविण्यासाठी वापरू नयेत. ती कितीही धुतली तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन निघेलच, असा भरवसा नसतो.

(५) सखल जमीन भरण्यासाठी कोणी फुकट राख किंवा गाळ देऊ केल्यास, तो कोठून आला हे लेखी घेतल्याशिवाय स्वीकारू नये. फुकटची भर पुढे जमिनीच्या मोलाने फेडावी लागते.

(६) जवळच्या कारखान्यात कोणती धोकादायक द्रव्ये साठविली आहेत, वायुगळती झाल्यास कोणत्या दिशेने जावयाचे व कोणास कळवावयाचे, ही माहिती ग्रामसभेने मागवून फलकावर लावावी.

(७) वायुगळतीच्या वेळी वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत दूर जावे, नाकातोंडावर ओला कपडा धरावा आणि वृद्ध व मुले ह्यांना प्रथम हलवावे. पाहण्यासाठी कारखान्याकडे धाव घेऊ नये.

उद्योग व शेती ही एकाच जिल्ह्याची दोन अंगे आहेत. कारखाना बंद पडावा अशी शेतकऱ्याची इच्छा नसते. त्याच्याच घरातील मुलगा किंवा मुलगी तेथे कामाला जात असते. ते संध्याकाळी धडधाकट घरी परतावे आणि घरामागचे खाचर दुसऱ्या वर्षीही पिकावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करण्यास जो खर्च येतो, तो मालाच्या किमतीत धरला पाहिजे. जो माल हा खर्च चुकविल्यावाचून स्वस्त होऊ शकत नाही, तो स्वस्त नव्हेच. त्याची उरलेली किंमत शेजारच्या गावाकडून वसूल झालेली असते.