मेंदूंतील पांढऱ्या वाटा

दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे चारच्या सुमारास आमच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवांत जो भूकंप झाला, त्याची हकीकत जळकोटच्या मुलांनीं वडीलधाऱ्यांकडून अनेकदां ऐकिली असेल. आदले दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक निजले, आणि हजारों जीव दगडमातीच्या भिंतींखालीं गेले. वांचलेल्यांपैकीं कित्येकांस पुढें झोंप येईना. जरा खुट्ट झालें कीं ते दचकत. मानसोपचारतज्ज्ञांनीं तपासणी केली, तेव्हां त्यांच्यांत खिन्नतेचा व आघातोत्तर भीतीचा विकार बराच आढळला.

अशा माणसास ‘बाहेरचें झालें’ असें म्हणण्याची चाल आपल्याकडे आहे. ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करणारेही पुष्कळ. दोहोंत एकच समज दडलेला आहे, कीं या दुखण्याचा शरीराशीं संबंध नाहीं. हा समज कितपत खरा, हें आम्ही येथें पाहूं.

मेंदूच्या वरच्या करड्या थरांत पेशींची दाटी असते. त्याखालीं पांढरें द्रव्य असून तें मेंदूचा सुमारें निम्मा भाग व्यापतें. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागास पोंचविणाऱ्या तंतूंच्या या जुड्या होत. तंतूंवर मायेलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें. पांढरा रंग त्याचाच. विजेच्या तारेवरील रबराची उपमा त्यास देतात, पण ती अपुरी आहे, कारण या वेष्टनानें निरोपाचा वेगही वाढतो. उघड्या तंतूंतून निरोप सेकंदास एखादा मीटर सरकतो. जाड वेष्टित तंतूंतून तो शंभर मीटरपर्यंतही धांवतो. वेष्टन घालण्याचें हें काम तिशीच्या आसपासपर्यंत चालतें. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यांत तें आजही चालूं आहे.

जिवंत माणसाच्या मेंदूंतील या जुड्या तपासण्याची एक रीत पीटर बासर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1994 सालीं प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या मुलास तिचें मर्म चटकन् कळेल. मोकळ्या वाफ्यांत सोडलेलें पाणी चोहोंकडे पसरतें, पाटांतलें पाटाच्याच दिशेनें जातें. मेंदूंतही पाण्याचे सूक्ष्म कण सतत हलत असतात, आणि ते जुडीच्या दिशेनें अधिक हलतात. एमआरआय यंत्र ही हालचाल मोजतें. कण आडवेतिडवे अधिक पसरूं लागले, कीं त्या वाटेच्या रचनेंत फरक असावा असें अनुमान निघतें.

या रीतीनें अनेक देशांतील संशोधकांनीं आपली मोजमापें एकत्र केलीं. 2018 सालीं स्किझोफ्रेनियाचे 1,963 रुग्ण व 2,359 निरोगी माणसें यांची तुलना प्रसिद्ध झाली. तींत जवळजवळ सर्व मेंदूभर असा फरक दिसला. आघातोत्तर विकाराविषयीं तीन हजारांहून अधिक लोकांची अशीच तुलना झाली. तेथें फरक आढळला तो स्मृतीशीं निगडित असलेले डावे व उजवे भाग जोडणाऱ्या जुडींत. किल्लारीच्या वेळीं ही रीत नव्हती. पण त्या निद्राहीन माणसांच्या दुखण्यास केवळ मनाचा दुबळेपणा म्हणणें आतां कोणासही शोभणार नाहीं.

मात्र येथें उतावीळ होऊं नये. हे फरक सरासरीचे व लहान आहेत. कित्येक रुग्णांचीं मापें निरोग्यांसारखीं असतात आणि कित्येक निरोग्यांचीं रुग्णांसारखीं. म्हणून एकट्या चित्रावरून कोणासही रोगी ठरवितां येत नाहीं. फरक आधीं कीं आजार आधीं, याचाही उलगडा पुरता झालेला नाहीं. शिवाय या वाटा दगडी नव्हेत. 2009 सालीं ऑक्सफर्ड येथें प्रौढांनीं सहा आठवडे चेंडू झेलण्याचा अभ्यास केला, तेवढ्यानेंही पांढऱ्या द्रव्यांत बदल दिसला.

त्यामुळें डॉक्टर अजूनही प्रथम रुग्णासमोर बसून विचारतात : झोंप लागते काय, जेवण जातें काय, कशाची भीति वाटते? ज्यांस दवाखाना दूर पडतो, त्यांस 2022 सालापासून सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर हेंच सारें मराठींत व विनामूल्य बोलतां येतें.