गार आहे का?

वैशाखात विदर्भातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहून पाहा. गिऱ्हाईक आधी पेयाचं नाव सांगत नाही, ‘गार आहे का?’ म्हणून विचारतं. दुकानदार फ्रीजच्या तळातून बाटली काढतो, गिऱ्हाईक तिला हात लावून पाहतं आणि मगच खिशात हात घालतं. उष्ण मुलखात फसफसणाऱ्या पेयांचा धंदा गेली पावणेदोनशे वर्षं याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. चव, जाहिरात, विलायती नाव हे सगळं नंतरचं. गारवा ज्याच्या हातात, बाजार त्याचा.

याला शास्त्राचा पक्का आधार आहे. हवेच्या साध्या दाबाला शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. २५ अंशांना तो दीड ग्रॅमच्या आत येतो आणि ४० अंशांना जेमतेम एक ग्रॅम उरतो. म्हणून उन्हात तापलेली बाटली उघडली की निम्मा माल फेस होऊन हातावर येतो आणि उरलेलं पाणी नुसतं गोड लागतं. थंड देशात गारवा ही चैन असेल. आपल्याकडे त्याच्याशिवाय हा माल मालच राहत नाही.

जेकब श्वेपने १७८३ मध्ये जिनिव्हात कृत्रिम सोडा विकायला सुरुवात केली आणि पुढे तो लंडनला गेला. तिथल्या कारखान्यांचं पाणी साहेबांसाठी जहाजातून हिंदुस्थानात येऊ लागलं. त्या काळच्या बाटल्या अंडाकृती, उभ्या राहूच न शकणाऱ्या. त्या मुद्दाम तशा घडवलेल्या होत्या. बाटली आडवी राहिली की बूच ओलं राहतं; बूच सुकलं की आक्रसतं आणि गॅस निसटतो. पण पाणी आणि काच हे दोन्ही जड जिन्नस समुद्रापार आणायचे, फुटतूट सोसायची आणि शेवटी कोमट पेय विकायचं, हा व्यवहार मोजक्या श्रीमंतांपलीकडे जाणं शक्यच नव्हतं.

गारवासुद्धा आयात व्हायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून तळ्यावरचा बर्फ कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन भरला होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर १०० टनांच्या आसपास पोचला. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ उतरला. त्या बर्फासाठी कोटात घुमटाची कोठी उभी राहिली आणि जमशेटजी जिजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम आलं. चेन्नईत त्या व्यापाराची कोठी आजही उभी आहे. पुढे यंत्राचा बर्फ इथेच निघू लागला आणि अमेरिकेचा बर्फ बंद पडला. सोड्याचंही तेच झालं. पाणी इथलं, बर्फ इथला, मग बाहेरून आणायचं काय? यंत्र, अर्क आणि बाटली.

त्या बाटलीबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. इंग्लंडमधल्या हायरम कॉड याने १८७२ च्या सुमारास तिला अंतिम रूप दिलं, आणि ती आपली गोटी सोड्याची बाटली झाली. ती उलटी धरून भरतात. गॅसचा दाब वाढला की आतली काचेची गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर जाऊन घट्ट बसते; बूच नको, पत्र्याचं झाकण नको, ओपनर नको. उघडताना अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी दाबायची. फट्‌ असा आवाज होतो, गोटी मानेखालच्या खोबणीत पडते आणि ओतताना तिथल्या दोन खोलगट खाचांत अडकून राहते. खाचांची बाजू खाली न धरता बाटली कलती केली, की गोटी पुन्हा तोंडाशी येऊन धार तोडते. लहानशा खोलीत, हाताने फिरवायच्या यंत्रावर एक कुटुंब दिवसभर अशा बाटल्या भरू शके. गरिबाला परवडणारं हे तंत्र होतं. युरोपने ते कधीच टाकून दिलं, आपल्या गल्लीबोळांत ते शंभर वर्षं टिकलं. दंगलीच्या बातम्यांत दगडांबरोबर सोडावॉटरच्या बाटल्या हटकून येत, इतक्या त्या घराघरांजवळ पोचल्या होत्या.

यातून देशी नावं उभी राहिली. मुंबईत १८६५ पासूनचं पालनजी, ज्याच्या रास्पबेरीशिवाय पारशी लग्नाची पंगत पुरी होत नाही. पुण्यात कॅम्पातलं १८८४ चं अर्देशीर. मुंबईतच दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये काढलेलं ड्यूक्स. पांडोळे क्रिकेटपटू होते, म्हणून पेयाला चेंडूच्या छापाचं नाव मिळालं. ही सगळी आपापल्या शहरापुरती माणसं होती. त्यांच्या गाड्या भरलेले क्रेट टाकायच्या आणि रिकाम्या बाटल्या उचलून परत न्यायच्या. बाटली डिपॉझिटची असल्यामुळे गिऱ्हाईक दुकानातच उभं राहून पीत असे. कारखान्यापासून बाटली किती लांब जाऊन परत येऊ शकते, तेवढाच धंद्याचा पल्ला.

कोका-कोलाने हे नीट ओळखलं. १९५० मध्ये दिल्लीत प्युअर ड्रिंक्सच्या कारखान्यात ती भरली जाऊ लागली, तेव्हा बाटलीबंद पेय बाहेरून आणायचा प्रश्नच नव्हता. गुपित अर्काचं, पाणी, साखर, काच आणि मजूर इथले. १९७७ मध्ये परकीय चलन कायद्याखाली भागीदारी भारतीयांकडे देण्याचा आग्रह उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला आणि कंपनी निघून गेली. त्या पोकळीत थम्स अप आणि कॅम्पा कोला वाढले. १९९३ मध्ये कंपनी परतली, तेव्हा तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतलं. माझ्या मते खरी खरेदी नावांची नव्हतीच. गावोगावच्या बाटली भरणाऱ्यांची, गाड्यांची आणि दुकानांची होती. पुढच्याच वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेलं.

मग आला काचेच्या दाराचा फ्रीज. कंपनी तो दुकानदाराला देते, त्यावर आपलं नाव रंगवते आणि आत आपलाच माल ठेवायला सांगते. विजेचं बिल मात्र दुकानदाराचं. छोट्या गावात दुकानात एकच फ्रीज मावतो. तो एका कंपनीचा झाला की स्थानिक सोड्याची बाटली बाहेर फळीवर, म्हणजे उन्हात. स्पर्धा तिथेच संपते, चवीपर्यंत गोष्ट जातच नाही.

आयात आजही चालते; मॉलमध्ये परदेशी कॅन ओळीने मांडलेले दिसतात. पण उष्णतेपुढे त्यांचीही परीक्षा असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार माल बंदरातून सुटताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा ३ महिने, यांतलं जे कमी ते शिल्लक असावं लागतं. बिनसाखरेच्या पेयातला अ‍ॅस्पार्टेम गरम गोदामात हळूहळू मोडतो आणि गोडी उतरते. प्लॅस्टिकच्या बाटलीतून गॅस पाझरतो. बाटली जितकी लहान तितका लवकर, कारण पेयाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त. २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा परत आणून २०० मिलिची बाटली १० रुपयांना विकायला घेतली, तेव्हा किमतीची चर्चा खूप झाली. पण एवढी लहान बाटली लांबच्या गावापर्यंत गॅससकट पोचवायची, तर कारखाने जवळजवळ हवेत आणि माल पटापट खपायला हवा. हे मोठ्या भांडवलाचंच काम आहे.

आणि सरकारने या छोट्या माणसाला काय दिलं? गोड सोड्यावर आज ४० टक्के जीएसटी आहे. २०१९ पासून सोडा तयार करणाऱ्यांना लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेतूनही वगळलं आहे. साखरेवर कर बसवायला माझा विरोध नाही, मधुमेहाच्या या देशात तो बसवायलाच हवा. पण मग तो साखरेच्या मापाने बसवा. बाटलीत ५ ग्रॅम साखर असो की २५, दर एकच असेल तर त्यात आरोग्याचा विचार कुठे राहिला? जगभर पसरलेली कंपनी तो कर पचवते. दोन यंत्रांवर जिंजर भरणारा कारखाना पचवू शकत नाही. मुंबई-पुण्यातले असे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कर साखरेच्या प्रमाणात लावावा, छोट्या उत्पादकाला कंपोझिशनची सवलत परत द्यावी, आणि दुकानातल्या फ्रीजचा एक कप्पा कंपनीबाहेरच्या मालाला मोकळा ठेवण्याचा नियम करावा. या तीन गोष्टी राज्य आणि केंद्र सरकारला अजूनही करता येतील, आणि त्या येत्या उन्हाळ्याच्या आत व्हायला हव्यात.